जीवाश्माचे चित्र दगडावरून कागदावर कसे येई

एकोणिसाव्या शतकात छापलेला जीवाश्मांवरचा एखादा ग्रंथ आपल्या हाती आला, किंवा संगणकावर त्याची पाने चाळायला मिळाली, तर मजकुरापेक्षा शेवटी जोडलेली चित्रेच आपण जास्त वेळ पाहत बसाल. माशाचा खवला न् खवला, हाडावरची बारीक चीर, शिंपल्याच्या कडेला चिकटलेला मूळ खडक, सगळे मऊ पेन्सिलीने आत्ताच काढल्यासारखे दिसते. यांतली पुष्कळशी चित्रे दगडावरून छापलेली आहेत. आपल्याकडे या छपाईला शिळाछाप म्हणत. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले तेही शिळाछापावरच. हा दगड येई कुठून, त्यावर चित्र उठे कसे आणि कुठल्या टप्प्यावर काय बिघडे, ते आता क्रमाने पाहू.

आधी एक शब्द स्पष्ट करून घेऊ. जीवाश्म म्हणजे फार जुन्या काळच्या जिवाचा खडकात टिकून राहिलेला अवशेष किंवा नुसता ठसा. असा जीवाश्म एका शहरात असतो आणि त्यावर वाद घालणारे अभ्यासक दहा शहरांत. त्यांच्यापुढे असते ते फक्त चित्र. त्यामुळे चित्रात दाताची एक कड चुकली तर तिच्यावर उभे केलेले अनुमानही चुकायचे.

शिळाछाप येण्यापूर्वी अशी चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत. त्यात अडचण अशी, की चित्रकार कागदावर चित्र काढी आणि कोरणारा कारागीर ते पाहून पत्र्यावर उतरवी. मूळ वस्तू बहुधा त्याच्यासमोर नसेच. एक हात वाढला की एक चूक वाढण्याची सोय झाली. शिवाय कोरण्याला वेळ लागे, पैसा लागे, आणि बऱ्याच प्रती काढल्यावर तांबे झिजून बारीक रेषा पुसट होत.

यातून वाट निघाली ती एका नाटककारामुळे. आलोइस झेनेफेल्डर हा म्युनिकचा. आपली नाटके स्वस्तात छापता यावीत म्हणून तो नाना खटपटी करत होता. १७९६ साली आईने धोब्याच्या कपड्यांची यादी लिहायला सांगितली, कागद जवळ नव्हता, म्हणून मेण, साबण आणि काजळीच्या शाईने त्याने ती समोरच्या घोटलेल्या दगडावर लिहिली, असे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. सुरुवातीला तो आम्लाने दगड खाऊन अक्षरे उंच करत होता. तसे काही कोरायची गरजच नाही, नुसत्या तेलापाण्याच्या वैरावर छपाई होते, हे त्याच्या ध्यानात यायला आणखी दोनेक वर्षे गेली. खरा शोध तो हा. १८१८ साली त्याने सगळी रीत पुस्तकरूपाने खुली केली.

दगड कुठला? बव्हेरियात आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात झोल्नहोफेन नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या खाणींतला चुनखडक या कामाला सर्वांत उत्तम ठरला. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, संथ खाजणे होती. तळाशी चुन्याचा अतिशय बारीक गाळ थरावर थर बसत गेला. खाली प्राणवायू जवळजवळ नसल्यामुळे आणि पाणी फार खारट असल्यामुळे तळ ढवळणारे प्राणी तिथे टिकत नसत. म्हणून थर न मोडता राहिले, आणि त्यांत पडलेले मासे, कोळंब्या, कीटक, उडणारे सरपटणारे प्राणीही जसेच्या तसे राहिले. कण इतके बारीक, की दगड घोटला तर काचेसारखा होतो. छपाईला जे हवे आणि जीवाश्म टिकायला जे हवे, ते या एकाच गाळात जमून आले.

खाणीत यंत्र चालत नसे. खाणकामगार हातोडी-छिन्नीने थर सुटे करत, एकेक फाडी उलटीसुलटी पाहत आणि ठोकून तिचा आवाज ऐकत. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आत कुठेतरी चीर आहे. प्रत्येक फाडी माणसाच्या डोळ्यांखालून जाई म्हणूनच इतके जीवाश्म सापडले. तोच दगड सुरुंग लावून नुसता चुन्याच्या भट्टीसाठी फोडला असता तर बरेच काही आपल्याला कधी कळलेच नसते.

गंमत अशी, की छापखान्याच्या दृष्टीने जीवाश्म म्हणजे दोषच. जिथे माशाचा काटा तिथे पृष्ठभाग सारखा नाही, आणि तिथली शाईही सारखी उठणार नाही. पांढरे ठिपके, स्फटिकाच्या शिरा, लोखंडाचे तांबूस डाग हेही असेच नको असलेले. फटींमध्ये पुष्कळदा नाजूक फांद्यांची नक्षी दिसते. ती वनस्पती असेल असे आपल्याला वाटेल, पण ती मँगेनीज आणि लोखंडाच्या खनिजांनी उमटवलेली असते. तिच्यात जीव कधीच नव्हता. नवखे संग्राहक इथे हमखास फसतात.

१८६० च्या सुमारास अशाच एका फाडीत एक पीस सापडले. हेरमान फॉन मायर याने १८६१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा गृहस्थ पोटापाण्यासाठी फ्रँकफर्टमध्ये जर्मन संघसभेच्या हिशेबखात्यात नोकरी करी आणि उरलेल्या वेळात जीवाश्मांचा अभ्यास करी. फाडी दुभंगल्यामुळे पिसाचे दोन ठसे मिळाले. आज एक बर्लिनला आहे, दुसरा म्युनिकला. त्याच वर्षी जवळच्या लांगेनआल्टहाइमला पिसांसकट सांगाडा निघाला. तो पापेनहाइमचे डॉक्टर कार्ल हेबरलाइन यांच्याकडे आला आणि त्यांच्या संग्रहातल्या इतर नमुन्यांसह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने ७०० पौंडांना घेतला. पिसांच्या या प्राण्याला मायरने दिलेले नाव आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका. त्यातला दुसरा शब्द या छपाईच्या दगडाचाच.

आता दगड छापखान्यात आला आहे असे धरू. सुमारे ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ८ जाड अशा दगडाचे वजन पन्नास-पंचावन्न किलो भरते. दगड पिवळसर असतात आणि करडेही. करडे अधिक घट्ट असतात, बारीक छटांच्या कामाला तेच निवडत. जीवाश्माच्या चित्रात छटाच महत्त्वाच्या, तेव्हा पैसे वाचवायला मऊ पिवळा दगड घेणे महागात पडे.

पहिले काम घोटण्याचे. एका दगडावर पाणी आणि चाळलेली वाळू टाकून दुसरा दगड पालथा ठेवायचा आणि गोल गोल फिरवायचा. आधी जाड वाळू, मग बारीक, मग त्याहून बारीक. दर वेळी दोन्ही दगड आणि हात स्वच्छ धुवायचे, कारण जाड वाळूचा एक कण मागे राहिला तरी शेवटच्या फेरीत लांब ओरखडा पडतो आणि तो छापात उठतो.

इथे आणखी दोन गोष्टी बिघडतात. एकाच जागी जास्त फिरवले तर दगड मध्ये खोलगट होतो. म्हणून धातूची सरळ पट्टी आडवी-उभी-तिरपी ठेवून तिच्याखाली कागदाच्या चिंध्या सरकवून पाहत. सगळ्या चिंध्या सारख्याच अडकल्या की दगड सपाट. दुसरे म्हणजे, मधले पाणी आटले की दोन दगड एकमेकांना घट्ट धरतात. वर उचलायला जाऊ नये, कडेकडून पाणी सोडून सरकवावा. शेवटी कानशीने कडा गोल करत, नाहीतर कडेवर शाई धरून चौकट उमटते.

खडूसारख्या कांडीने चित्र काढायचे असेल तर दगड अगदी गुळगुळीत करत नाहीत, त्याला अंगचा बारीक खरखरीतपणा ठेवतात. कांडी त्या उंचवट्यांना लागते, खळगे कोरे राहतात. भिंग घेऊन जुने चित्र पाहिले तर करडा रंग कुठेच दिसणार नाही. काळे ठिपके आणि मधला पांढरा कागद, एवढेच असते. उरलेले काम आपला डोळा करतो. लेखणीने रेषा ओढायच्या असतील तेव्हा मात्र दगड प्युमिसने, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र हलक्या दगडाने, चकचकीत करत.

आता चित्र. कांडी मेण, साबण, चरबी, लाख आणि काजळी यांची. काजळी केवळ चित्रकाराला दिसावे म्हणून, खरे काम स्निग्धतेचे. आराखडा दगडावर उतरवायला पातळ कागदाच्या मागे गेरू चोळत आणि वरून रेषा गिरवत. गेरूत तेल नाही, त्यामुळे तो छापात येत नाही. मापे कंपासने घेत. काही चित्रकार कॅमेरा ल्यूसिडा वापरत. हे लोलकाचे छोटे उपकरण, त्यातून पाहिले की वस्तूची प्रतिमा कागदावर पडल्यासारखी दिसते.

सर्वांत मोठा सापळा उलटेपणाचा. दगडावर जे काढाल त्याची आरशातली प्रतिमा कागदावर येते. अक्षरे उलटी लिहायला हवीत हे कुणीही विसरत नाही, कारण चूक लगेच दिसते. जीवाश्म मात्र गप्प बसतो. डावा जबडा उजवा होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. गोगलगायीच्या शंखात हे फार बाधते. शेंडा वर धरून तोंड आपल्याकडे केले तर बहुतेक जातींच्या शंखाचे तोंड उजवीकडे येते. समोर शंख ठेवून तो दिसतो तसा दगडावर काढला, की छापात तो डावखुरा होतो. जुन्या ग्रंथांत अशी डावखुरी झालेली चित्रे अनेक आहेत. सावध चित्रकार नमुना आरशासमोर ठेवत आणि आरशात पाहून काढत. प्रकाश डावीकडून वरून येतो असे दाखवायची शास्त्रीय चित्रांत रूढी आहे, तेव्हा दगडावर तो उजवीकडून दाखवावा लागे. हे विसरले तर खळगा उंचवट्यासारखा दिसतो.

आणि दगडाला हात लावायचा नाही. बोटाच्या तेलाचाही ठसा उठतो, तोही सगळ्या रेघांसकट. कोंडा पडला तर ठिपका येतो. शिंक आली तर तिथे थुंकीमुळे कांडी धरत नाही आणि पांढरा डाग राहतो. म्हणून दगडाच्या दोन कडांवर टेकू देऊन लाकडी फळी आडवी टाकत आणि तिच्यावर मनगट टेकून काम करत. चुकलेली रेघ सुईने किंवा पात्याने खरवडता येते, पण तिथला खरखरीतपणा गेला की पुन्हा छटा देणे कठीण. पांढरी रेघ हवी असेल, उदाहरणार्थ हाडावरची चकाकती कड, तर मात्र हेच खरवडणे कामी येते.

पुढचा टप्पा रसायनाचा, आणि गैरसमजही इथेच जास्त. चित्रावर राळेची आणि शंखजिऱ्याची भुकटी हलकेच पसरतात. मग बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक पाण्यात विरघळवून त्यात नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब घालतात आणि रुंद कुंचल्याने दगडभर फिरवतात. बारीक फेस येतो. आम्लाने दगड कोरला जातो असे पुष्कळांना वाटते, तसे नाही. दगड कॅल्शियमचा आणि कांडीत साबण. बोअरच्या जड पाण्यात साबण घातला की न विरघळणारा पांढरा साका धरतो ना, तसाच कॅल्शियमचा साबण रेघेखाली दगडात तयार होऊन पक्का बसतो. त्याला तेल आवडते. कोऱ्या जागेवर डिंकाचा अतिपातळ थर चिकटतो, त्याला पाणी आवडते. बस, आता एकाच सपाट दगडावर दोन स्वभावांच्या जागा तयार झाल्या.

आम्ल किती घालावे हे छापणाऱ्याच्या हातावर असे. जास्त झाले तर सर्वांत फिकट छटा जळतात, आणि जीवाश्माच्या चित्रात पिसाच्या कडा किंवा पंखाची पातळ त्वचा असते ती याच छटांत. कमी झाले तर काही प्रतींनंतर सावल्या भरून येतात आणि काळा गोळा होतो. गडद भागावर जरा तीव्र आणि फिकट भागावर सौम्य अशी दोन-तीन मिश्रणे फिरवणारा कारागीर असेल तर त्याला सोडू नये, अशी त्याची किंमत.

नंतर टर्पेंटाइनने दगड पुसतात. चित्र पार नाहीसे होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण महिनाभराची मेहनत पुसली गेल्यासारखी वाटते. गेली ती फक्त काजळी आणि वरचे मेण, खालचा साबणाचा थर दगडातच आहे. ओल्या स्पंजने दगड भिजवायचा आणि चामड्याचा शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागा शाई नाकारतात, चित्राच्या जागा घेतात, आणि आठ-दहा फेऱ्यांत सगळे परत येते.

छपाईचा दाब वरून खाली ठोकल्यासारखा नसतो. किंचित ओलसर कागद दगडावर ठेवतात, त्यावर मऊ कागदाची गादी, त्यावर चरबी चोळलेला ताणलेला पत्रा किंवा कातडे. वर चामडे लावलेली लाकडी पट्टी घट्ट दाबून धरलेली असते आणि तिच्याखालून दगडाची घडवंची सरकवत नेतात. दगडाखाली एखादा खडा राहिला किंवा दगडाची जाडी कमीजास्त असली तर इथेच तडा जातो. प्रत्येक प्रतीला पुन्हा ओले करायचे, पुन्हा शाई फिरवायची. दगड वाळला तर कोरी जागा मळते, पाणी जास्त झाले तर चित्र फिके पडते. एका दगडावरच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रतीत फरक दिसतो तो या पाण्यामुळेही.

पहिली प्रत अभ्यासकाकडे जाई, आणि माझ्या मते शिळाछापाचे खरे मोठेपण इथे आहे. नाजूकपणात तांब्यावरचे कोरीव काम कुठेच कमी नव्हते. पण इथे चित्रकार, दगड, नमुना आणि अभ्यासक एकाच खोलीत असू शकत. लुई आगासी याने जीवाश्म माशांवरचा आपला ग्रंथ १८३३ ते १८४३ या काळात प्रसिद्ध केला. त्याचा चित्रकार योसेफ डिंकेल त्याच्यासाठी गावोगावचे संग्रह पाहत हिंडे, आणि स्वित्झर्लंडच्या नशातेलमध्ये हर्क्यूल निकोले याचा शिळाछापखाना आगासीने मुद्दाम उभा करवला. काम देखणे झाले, खर्चाने मात्र आगासी पुरता अडचणीत आला. दुरुस्ती करायची तर दगडाचा तेवढा भाग सौम्य आम्लाने पुसून त्याला पुन्हा तेल घेण्याजोगा करावा लागे. थोडीच दुरुस्ती साधते, सगळे डोकेच बदलायचे असेल तर नवा दगड घेतलेला बरा.

शिळाछापाची स्वस्ताई दुसऱ्याही रीतीने उपयोगी पडली. इंग्लंडमध्ये हेन्री डे ला बीश याने १८३० साली डॉर्सेटच्या प्राचीन समुद्राचे चित्र काढले, इक्थिओसॉरने प्लेसिओसॉरची मान धरली आहे असे. मूळचा बव्हेरियाचा जॉर्ज शार्फ याने ते दगडावर उतरवले. त्याच्या प्रती विकून आलेला पैसा जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगला मदत म्हणून दिला.

रंगाचे थोडक्यात. बहुतेक जीवाश्मचित्रे एकरंगी, फार तर दुसऱ्या दगडावरून फिकट मातकट रंग खाली देत, म्हणजे मागचा खडक वेगळा दिसे. रंग वाढले की रंगागणिक दगड आला, आणि प्रत्येक दगडावर कागद नेमका त्याच खुणेवर बसवणे आले. मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातली देवदेवतांची चित्रे अशीच, एकेका चित्राला अनेक दगड लावून छापलेली.

काम झाल्यावर दगडाचे काय करत? वाळू टाकून पुन्हा घोटत. चांगला दगड महाग, चित्र साठवून ठेवणे कुणाला परवडत नसे. थोडासा थर गेला की वर नवे चित्र, कदाचित मद्याच्या बाटलीची चिठ्ठी. म्हणून ग्रंथ हजारोंनी उरले, पण ज्यावरून ती चित्रे छापली ते दगड क्वचितच दिसतात. दगड घासून फार पातळ झाला तर मागे दुसरा दगड प्लास्टरने चिकटवून तो आणखी काही वर्षे चालवत.

आता असे पान समोर आले तर आधी खालचे कोपरे पाहा. नावापुढे 'डेल.' असेल तर त्या व्यक्तीने रेखाटले, 'लिथ.' असेल तर दगडावर उतरवले, 'इम्प.' असेल तर छापले. पहिली दोन्ही एकाच नावापुढे असली तर नमुना आणि दगड यांच्यामध्ये दुसरा हात आलेला नाही, तेवढा विश्वास जास्त. मग चित्राजवळचे माप पाहा, मूळ आकार आहे की लहान केलेला. आणि शंख असेल तर बाजू तपासा. पण लगेच चित्रकाराला दोष देऊ नका. नागपूरजवळच्या टाकळीला, दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या जुन्या तळ्याच्या गाळात, फायसा प्रिन्सेपी नावाची गोगलगाय सापडते. तिचा शंख जातीनेच डावखुरा असतो. तिचे चित्र उजव्या तोंडाचे दिसले, तर दगडावर चूक झाली आहे असे खुशाल समजावे.